दप्तर आणि वाडा
इतिहास मंडळांचे कार्य व जुन्या घरांचे जतन

मराठ्यांच्या इतिहासाच्या संशोधनाचा आरंभ खाजगी घरांतून झाला, ही गोष्ट आज काहीशी विस्मरणात गेली आहे. सरकारी दप्तरखाने अभ्यासकांना खुले होण्यापूर्वी इतिहासाची अस्सल साधने जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, कोठीच्या खोल्यांत आणि देवघराशेजारच्या फडताळांत रुमालात बांधून पडलेली होती. काहींना वाळवी लागली होती, काही पावसाने भिजून लगदा झाली होती, आणि काही बंबात जळणाच्या कामी आली होती. अशा स्थितीत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना वाई येथील एका घराण्याच्या दप्तरात पानिपतच्या काळातील पत्रे मिळाली आणि त्यांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. इ. स. १७५० ते १७६१ या कालखंडातील पत्रव्यवहार त्यात आला. पुढे या मालेचे एकूण बावीस खंड निघाले. त्यांसाठी राजवाड्यांनी केलेली पायपीट ही मुख्यतः एका दारातून दुसऱ्या दारात केलेली पायपीट होती.

या एकाकी उद्योगाला संस्थेचे रूप आले ते ७ जुलै १९१० रोजी. त्या दिवशी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. एक निर्धन व्रतस्थ विद्वान आणि एक सरदार घराण्यातील गृहस्थ, अशी ही जोडी होती. कागद शोधणारा आणि ज्यांच्या घरी कागद असत त्या वर्गातला, असे दोघे एकत्र आल्यामुळे अनेक बंद दारे उघडली. मंडळाने आरंभापासून जे कार्यक्रम आखले ते पुढे अनेक गावांच्या मंडळांनी आदर्श म्हणून स्वीकारले. ठराविक मुदतीने सभा भरवावी, सभासदाने नव्याने सापडलेला कागद, नाणे किंवा ताम्रपट सभेपुढे ठेवावा, त्यावर टिपण वाचावे, इतरांनी शंका काढाव्यात आणि शेवटी ते टिपण इतिवृत्तात छापले जावे, अशी ही पद्धत होती. मोठ्या व्याख्यानाची अपेक्षा नसे. चार ओळींचे पण अस्सल टिपण मंडळाला पुरेसे वाटे. कारकून, शिक्षक, वकील, वैद्य अशा सामान्य मंडळींना या पद्धतीमुळे इतिहासाच्या कामात स्थान मिळाले. दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे यांच्यासारख्या विद्वानांनी पुढे हे काम आयुष्यभर वाहिले, आणि मंडळाच्या संग्रहात लक्षावधी मोडी व मराठी कागद, हजारो पोथ्या, नाणी आणि चित्रे जमा झाली.

राजवाड्यांच्या निधनानंतर (३१ डिसेंबर १९२६) धुळे येथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांच्या संग्रहाचे तेथे जतन झाले. त्याच गावी शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी संप्रदायाच्या मठामठांतून हिंडून हस्तलिखितांचे मोठे भांडार जमविले. साताऱ्यास द. ब. पारसनीस यांनी कागदपत्रे व चित्रे यांचा संग्रह केला. या सर्वांच्या कष्टांबद्दल मराठी वाचकाच्या मनात कृतज्ञताच असली पाहिजे. तथापि शंभर-सव्वाशे वर्षांच्या या उद्योगाकडे आज पाहता त्यात एक उणीव स्पष्ट दिसते. दप्तर वाचविण्याची जी तळमळ दिसली, ती ज्या घरात ते दप्तर होते त्या घराच्या वाट्याला क्वचितच आली. रुमाल सुखरूप संस्थेत पोहोचले; वाडे मात्र एकामागून एक पडत गेले.

असे का झाले याची कारणे समजून घेतली पाहिजेत, कारण त्यात कोणाचा निष्काळजीपणा दाखविण्याचा हेतू नाही. कागद गाठोड्यात बांधून नेता येतो. घर नेता येत नाही. कागदाचा मालक दप्तर देऊन मोकळा होतो, आणि बहुधा त्याला अडगळ कमी झाल्याचे समाधानही वाटते. घराला मालकी असते, वाटण्या असतात, भाडेकरू असतात, गहाणखते असतात. दुसरे असे की, त्या पिढीची इतिहासाची कल्पना मुख्यतः राजकीय होती. लढाया, तह, वकिलांची पत्रे आणि सनदा यांचा छडा लावणे हे तातडीचे कार्य होते. सोपा किती खणांचा, माजघरात उजेड कोठून येतो, धान्याचे बळद भिंतीत कसे बसविले आहे, या गोष्टी नित्याच्या होत्या. सगळ्यांच्याच घरी असलेल्या वस्तूला कोणी साधन मानीत नाही. तिसरे कारण कायद्याचे. १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. पण शासनाची दृष्टी प्रामुख्याने लेणी, किल्ले, मंदिरे आणि मशिदी यांवर होती. माणसे राहत असलेले घर स्मारकाच्या व्याख्येत सहजी बसत नव्हते.

कागद आणि घर यांची ताटातूट झाल्याने काय गमावले जाते, याचे ठळक उदाहरण पुण्याचा शनिवारवाडा होय. १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुनखडी जेजुरीहून आली. खर्च १६,११० रुपये झाला. इतका तपशील उपलब्ध आहे. परंतु १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि आतील सर्व लाकडी इमले नष्ट झाले. आज भव्य दिल्ली दरवाजा, तट, नगारखाना आणि आतील जोती एवढेच पाहावयास मिळते. हिशेबाची रक्कम रुपयांपर्यंत ठाऊक असूनही सात मजली म्हणून गाजलेला तो वाडा नेमका कसा दिसत होता, जिने कोठून चढत होते, कोणत्या दालनातून कोणते दालन दिसे, याविषयी अभ्यासकांना तर्कच करावे लागतात. कागद घराविषयी पुष्कळ सांगतो, पण घराच्या जागी तो उभा राहू शकत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण वाईजवळच्या मेणवलीचे. कृष्णेच्या काठी नाना फडणिसांनी बांधलेला वाडा आणि त्यापुढील घाट आजही उभे आहेत. नानांचे प्रसिद्ध दप्तर याच ठिकाणचे. ते पारसनिसांच्या हाती आले, साताऱ्याच्या संग्रहात राहिले आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. दप्तर एकीकडे आणि वाडा दुसरीकडे झाला, हे खरे. पण दोन्ही वाचली. त्यामुळे ज्या माणसाने मराठेशाहीचा कारभार कागदावर चालविला, त्याच्या पत्रांतील भाषा आणि त्याच्या घराची मांडणी ही दोन्ही अभ्यासकाला आजही ताडून पाहता येतात. भोवताली चौक, चौकाभोवती ओसऱ्या, घरातून थेट नदीकडे जाणारी वाट, ही रचना पाहिल्यावर त्या काळच्या गृहस्थाच्या दिवसाचा क्रम डोळ्यांपुढे येतो. असा योग फार थोड्या घराण्यांच्या बाबतीत आला.

इतर वाड्यांचे काय झाले? आगी, पूर आणि युद्धे यांनी काही नेले. पण बहुसंख्य वाडे सावकाश गेले. वाडा टिकतो तो नित्याच्या निगेवर. मृग लागण्यापूर्वी कौले परतणे, माळवदाच्या भेगा बुजविणे, पन्हळी साफ करणे, जोत्याशी पाणी तुंबू न देणे, ही कामे दरवर्षीची असत. ती एक-दोन वर्षे चुकली की पाणी आत शिरते. तुळईचे भिंतीत गेलेले टोक प्रथम कुजते. ते बाहेरून दिसत नाही. टोक खचले की वरच्या कडीपाटाचा भार एका बाजूस येतो, भिंत पोट काढते आणि एखाद्या आषाढात एक अंग बसते. त्यावर हल्ली केला जाणारा सिमेंटचा गिलावा हा पुष्कळदा उपायापेक्षा अपायच ठरतो. माती व चुन्याची भिंत ओल शोषते आणि वाळताना बाहेर टाकते. सिमेंटच्या थराखाली ती ओल कोंडली जाते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. चुना मळणारे व लावणारे गवंडी दुर्मिळ झाल्याने योग्य दुरुस्ती महाग झाली, आणि महाग झाल्याने ती करून घेणारे उरले नाहीत.

याच्या जोडीला सामाजिक कारणे आली. एकत्र कुटुंबे विभागली गेली आणि एकेका वाड्याला दहा-दहा, वीस-वीस हिस्सेदार झाले. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० हा दिवस आधार धरला. युद्धोत्तर टंचाईच्या दिवसांत भाडेकरूंना त्याचा आसरा मिळाला, आणि तो देणे आवश्यकही होते. परंतु दशके लोटली तरी भाडे जवळपास तेथेच राहिले आणि त्या उत्पन्नात कौले परतण्याचाही खर्च निघेना. मालक दुरुस्ती करीत नाही आणि भाडेकरू जागा सोडीत नाही, अशा अवस्थेत अर्धे पुणे पंचवीस-तीस वर्षे राहिले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील शेकडो जुनी घरे एका दिवसात कोसळली. जी उरली त्यांच्या जागेला पुढे सोन्याचे मोल आले. गळक्या छपराखाली राहणाऱ्या माणसाने वास्तुविशारदाचा नकाशा आणि सदनिकेचा करार पुढे आल्यावर काय करावे, हे बाहेरच्याने सांगणे सोपे नाही. घर राखावे असे ज्यांना वाटते त्यांनी त्या घरात राहणाऱ्याची अडचण प्रथम मान्य केली पाहिजे.

या पडझडीत घरांचे अवयव तरी वाचावेत म्हणून दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी केलेली खटपट अपूर्व म्हणावी लागेल. कोरीव दरवाजे, समया, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातील भांडी, खेळणी अशा ज्या वस्तूंना तत्कालीन संशोधक साधन समजत नव्हते, त्यांच्यामागे ते गावोगाव हिंडले. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने त्यांनी उभे केलेले पुण्यातील राजा केळकर संग्रहालय हे एका अर्थाने पाडल्या गेलेल्या शेकडो घरांचे एकत्रित स्मारक आहे. तेथे एखाद्या वाड्याची चौकट उभी आहे, दुसऱ्याची झुंबरे टांगली आहेत, तिसऱ्याचा पानाचा डबा मांडला आहे. पाहणारा भारावतो; पण ही चौकट ज्या ओसरीवर उघडत होती ती ओसरी कल्पनेनेच उभी करावी लागते.

काही वाडे वाचले, आणि ते का वाचले हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबागवाडा पेशवाईच्या अस्तानंतर १८२१ साली संस्कृत पाठशाळेच्या उपयोगी पडला. १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला. तेव्हा लोकांनी वर्गणी देऊन तो सावरला. पुढे तेथे नगरपालिकेचे कामकाज चालले. नारायण पेठेतील गायकवाडवाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ साली श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्याकडून विकत घेतला आणि तो केसरीवाडा झाला. बडोद्याच्या राजघराण्याची ही वास्तू वृत्तपत्राची कचेरी, सभांची जागा आणि गणेशोत्सवाचे स्थान म्हणून नांदती राहिली. या दोन्ही उदाहरणांत वाडा राखला गेला तो त्याला नवे काम मिळाल्यामुळे. कोणीतरी रोज दिंडी उघडत होते, केर काढीत होते, गळती दिसताच ओरड करीत होते. बंद करून जपलेल्या घरापेक्षा वापरात असलेले घर अधिक काळ टिकते, हा यातला धडा आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांना या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे मराठी माणूस कारभाराच्या, फौजेच्या किंवा विद्येच्या निमित्ताने गेला आणि त्याने आपल्या घराची कल्पना सोबत नेली. मात्र ते घर बांधले स्थानिक कारागिरांनी, स्थानिक लाकडात आणि स्थानिक नक्षीत. अशा घरांत दोन प्रांतांच्या सहवासाची जी साक्ष आहे ती कोणत्याही सनदेत सापडणार नाही. बडोद्याच्या रावपुऱ्यातील तांबेकरवाडा हे त्याचे सर्वांत नामांकित उदाहरण. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानचे दिवाण होते. त्यांच्या या घराच्या भिंतींवर पुराणांतील प्रसंग, कृष्णचरित्र, लढाया आणि त्या काळच्या साहेबी थाटाची दृश्ये शेजारी शेजारी रंगविलेली आहेत. मराठी गृहस्थ, गुजरातेतील नगर आणि बदलता काळ यांचे हे एकत्र चित्र आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ते संरक्षणाखाली घेतल्यामुळे ते आज उभे आहे. पण येथेही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वाडा वाचला तो भित्तिचित्रांमुळे. ज्या घरांत चित्रे नव्हती, केवळ पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार होता, त्यांच्यासाठी असा आधार कोठलाच नव्हता.

मोठेपणा हाही पुरेसा आधार नसतो. इंदूरच्या राजवाड्याला १८०१ साली सर्जेराव घाटग्यांच्या स्वारीत आग लागली; त्याची पुन्हा उभारणी झाली. १९८४ च्या दंगलीत तो पुन्हा जळाला आणि समोरचा उंच दर्शनी भाग तेवढा राहिला. मागील भाग पूर्वीच्या धर्तीवर बांधून होण्यास २००६-०७ साल उजाडावे लागले. बडोद्यातील गायकवाडांचा नजरबाग राजवाडा तर एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जमीनदोस्त झाला. राजवाड्यांची ही कथा, तर गल्लीतील घरांची काय वर्णावी!

त्याच बडोद्यात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते आणि त्यांच्या इतिहासलेखनाचा पाया तेथेच घातला गेला. पुढे पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग त्यांनी संपादित केले. त्याच राज्यात १९१० साली, म्हणजे पुण्याच्या मंडळाच्या जन्मवर्षीच, बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या साहाय्याने मध्यवर्ती ग्रंथालयाची व गावोगावच्या वाचनालयांची योजना आकारास आली. इतिहास मंडळ आणि ग्रंथालय ही एकाच काळाची अपत्ये आहेत. एकाने जुना कागद जपला, दुसऱ्याने छापील ग्रंथ लोकांच्या हाती दिला. घराची नोंद ठेवण्याचे काम मात्र दोघांच्या मधे राहून गेले.

ते अजूनही करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी प्रारंभी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘इंटॅक’सारख्या संस्थेने देशभर जुन्या वास्तूंच्या याद्या करण्यास चालना दिली. १९९५ साली मुंबईत वारसा वास्तूंचे नियम झाले. त्यांत वास्तूंची प्रतवारी ठरली आणि बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकास तो दुसरीकडे वापरण्याची सवलत मिळाली. मालकाच्या खिशाचा विचार केल्याशिवाय वारसा राखता येत नाही, हे त्या नियमांत मान्य केले गेले. मात्र कोणताही नियम यादीवर चालतो, आणि यादी करणारा माणूस त्या गल्लीतला असावा लागतो. शहराबाहेरून आलेल्या तज्ज्ञाला नक्षीदार खांब दिसतो. त्या खांबापाशी बसून कोणी शिकवणी घेतली, कोणत्या खोलीत पहिली मुलींची शाळा भरली, कोणत्या माडीवर नाटकाच्या तालमी झाल्या, हे शेजाऱ्यालाच माहीत असते.

म्हणून जुन्या मराठी वस्तीतील ग्रंथालयाने मंडळाची ती जुनी पद्धतच घरांसाठी वापरावी. सभासदाने एका घराचे टिपण आणावे. त्यात घर कोणी व केव्हा बांधले, मालकी कशी बदलत गेली, चौक किती, खण किती, विहीर कोठे, दुरुस्त्या कोणत्या झाल्या, एवढे असावे. सोबत हाताने काढलेला पण मापे घातलेला नकाशा आणि आतून-बाहेरून घेतलेली छायाचित्रे असावीत. घरातील वडीलधाऱ्यांच्या, विशेषतः त्या घरात लग्न होऊन आलेल्या स्त्रियांच्या आठवणी उतरून घ्याव्यात, कारण माजघर आणि परसू यांचा इतिहास दप्तरात जवळपास नसतोच. मोडी वाचणारे हात तयार व्हावेत म्हणून वर्ग चालवावेत, नाहीतर घरात शिल्लक राहिलेले खत वाचण्यास घरचा माणूसही असमर्थ ठरेल. नगरभूमापनाचे जुने नकाशे, मिळकतपत्रिका आणि वाटणीपत्रे यांच्या प्रती मिळतील तेथून मिळवाव्यात. वर्षातून एकदा गल्लीगल्लीतून फेरी काढावी आणि शाळेतील मुलांना ती घरे आतून दाखवावीत. एखाद्या मालकाची दुरुस्ती करण्याची इच्छा असेल तर चुन्याचे काम जाणणारा गवंडी आणि कायदा जाणणारा सभासद यांची गाठ त्याच्याशी घालून द्यावी. एवढ्यानेही काही घरे दहा-वीस वर्षे अधिक जगतील.

सर्व घरे वाचणार नाहीत, आणि सर्व वाचलीच पाहिजेत असा आग्रह धरणेही व्यवहाराला धरून होणार नाही. काही घरे पडतील, काही पाडली जातील. परंतु पाडण्यापूर्वी पंधरा दिवस आधी ग्रंथालयाला कळवावे, घराचे मोजमाप व छायाचित्रे घेऊ द्यावीत, माळ्यावरचे कागद रद्दीत न देता एकदा दाखवावेत, इतकी अपेक्षा प्रत्येक सभासद कुटुंबाकडून ठेवता येईल. ग्रंथालयाच्या एका कपाटात अशा टिपणांची फाईल असावी आणि तिच्यात दर महिन्याला एका घराची भर पडावी. दहा वर्षांत त्या गावच्या मराठी वस्तीची शंभरावर घरे तेथे नोंदलेली असतील. राजवाड्यांच्या पिढीने दप्तरांसाठी जे केले, त्याला समांतर असे हे काम आहे, आणि ज्यांच्या आठवणींवर ते अवलंबून आहे ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.